'बेअर-बेटिंग'ला झुंज म्हणावं का?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनच्या करमणुकीवर मराठीत एक लेख लिहिते आहे. नाटकं, तलवारबाजीचे सामने, कोंबड्यांच्या झुंजी इथपर्यंत कुठे अडलं नाही. गाडी अडली ती 'बेअर-बेटिंग'पाशी. थेम्सच्या दक्षिण काठावर, बँकसाइडला, नाटकगृहांच्या शेजारीच याचे गोल आखाडे होते. मधोमध खुंट, त्याला साखळीनं बांधलेलं अस्वल आणि त्याच्यावर सोडलेली मास्टिफ कुत्री. दाराशी एक पेनी टेकवली की आत. मी आधी 'अस्वलांची झुंज' लिहिलं, पण परत वाचताना ते खोटं वाटलं. दोन अस्वलं एकमेकांवर तुटून पडली आहेत असंच चित्र उभं राहतं. आपल्याकडे नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद

खोटं वाटलं ते बरोबरच आहे. रेड्यांची झुंज, कोंबड्यांची झुंज, म्हणजे दोघं मोकळे आणि दोघं एका जातीचे. इथे एकाला बांधून घातलंय. मूळ शब्दही लढाईचा नाहीच. 'बेट' हे क्रियापद जुन्या नॉर्स भाषेतून आलं, आणि त्याचा अर्थ 'चावणे' या क्रियापदाचं प्रयोजक रूप: चावायला लावणे. म्हणजे शब्दाचा सगळा भर कुत्री सोडणाऱ्या माणसावर आहे. (पैजेच्या 'बेट'शी त्याची गल्लत करू नका. तिथे पैजा लागत असत, म्हणून ती गल्लत सहज होते.)

प्रतिसाद

साठमारी! आमच्या कोल्हापुरात त्या नावाचा भागच आहे. बडोद्याला गायकवाडांच्या वेळी हत्तीला चिथवून त्याच्यापुढे माणसं पळायची. आखाड्याच्या भिंतीत माणूस निसटेल पण हत्ती अडेल एवढ्या अरुंद वाटा ठेवलेल्या असायच्या. जनावर चिथवायचं आणि लोकांनी भोवती बसून बघायचं, हा अर्थ या शब्दात आयता आहे. नवा शब्द कशाला घडवायचा?

प्रतिसाद

शब्द सुंदर आहे, पण माझी एक हरकत. साठमारीत हत्ती मोकळा असतो आणि जीव माणसाचा धोक्यात असतो. ते धाडस आहे. बँकसाइडला माणूस कठड्यामागे सुरक्षित होता. आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हत्तीच येणार. मी सरळ 'अस्वलावर कुत्री सोडण्याचा खेळ' असं लिहीन. लांब आहे, पण वाचणाऱ्याला दुसरं काही विचारावं लागत नाही.

प्रतिसाद

साठमारीच्या बाजूनं एक पुरावा देतो. या शब्दाचं 'साटमारी' असंही रूप आहे आणि साट म्हणजे चाबूक. आता हे पाहा: पॉल हेंट्झ्नर नावाचा जर्मन प्रवासी 1598 मध्ये लंडनला आला होता. कुत्र्यांचा खेळ झाल्यावर काय व्हायचं ते त्यानं लिहून ठेवलंय. एक आंधळं केलेलं अस्वल साखळीला, भोवती पाच-सहा जण चाबूक घेऊन गोल उभे. ते निर्दयपणे मारत राहायचे. अस्वलाला दिसत नाही, साखळीमुळे पळता येत नाही, पण टप्प्यात आलेल्याला ते खाली लोळवायचं, हातातला चाबूक हिसकावून मोडून टाकायचं. या दृश्याला साटमारीपेक्षा जवळचा शब्द मला तरी सापडत नाही. हा शब्द वापरात ठेवा अशी माझी मनापासून विनंती आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

वाचून काटा आला. हे मी लेखात घेणार. 'अस्वलाचा छळ' असं लिहावं का, असंही मनात आलं होतं. पण मग त्या काळच्या लोकांना तो उत्सव का वाटत होता ते कळणार नाही. 1575 मध्ये इंग्लंडमधल्या केनिलवर्थच्या किल्ल्यात एलिझाबेथ राणीच्या पाहुणचारात तेरा अस्वलं आणली होती. तिथल्या एका पत्रात वर्णन आहे की कुत्र्यांतून सुटलं की अस्वल रक्त आणि लाळ लोंबत असताना दोन-तीनदा कान झटकायचं, आणि लिहिणाऱ्याला त्याची गंमत वाटते. तेव्हा लेखात पहिल्यांदा 'अस्वलावर कुत्री सोडण्याचा खेळ' आणि पुढे 'अस्वलाची साठमारी', असं ठरवते.

आणखी एक: 'बेअरवर्ड' म्हणजे अस्वलं पाळणारा. दरवेशी चालेल?

प्रतिसाद

गावोगाव अस्वल घेऊन हिंडणाऱ्याला दरवेशी अगदी चपखल. पण लंडनच्या मोठ्या आखाड्यांना नको. तिथे हा राजदरबारी हुद्दा होता. नाटकगृहांचा मालक फिलिप हेन्स्लो आणि नट एडवर्ड ॲलन यांनी 1604 मध्ये तो विकत घेतला, आणि 1614 साली हेन्स्लोनं 'होप' हे नाटकगृह असं बांधून घेतलं की रंगमंच उचलून ठेवता यावा आणि त्याच जागी अस्वलं यावीत. अशा माणसाला दरवेशी म्हटलं तर त्याचा पैसा आणि वट दोन्ही झाकले जातात. 'अस्वलखान्याचा दरोगा' म्हणा.

जाता जाता: आपण नाटकाच्या गप्पांत 'पिटातला प्रेक्षक' म्हणतो ना, त्या पिटाचं नातं कोंबड्यांच्या झुंजीच्या खड्ड्याशी, 'कॉकपिट'शी जोडतात. ड्रुरी लेनचा असाच एक कॉकपिट 1616 मध्ये नाटकगृह झाला.

प्रतिसाद

'झुंज' मात्र पार काढून टाकू नका. मॅकबेथ शेवटी घेरला जातो तेव्हा म्हणतो की यांनी मला खुंटाला बांधलंय, पळता येत नाही, आता अस्वलासारखी ही फेरी लढायलाच हवी. 'फेरी'च्या जागी तिथे जो 'कोर्स' शब्द आहे तो याच खेळातला: कुत्र्यांची एक चाल म्हणजे एक कोर्स. इथे बोलतंय ते अस्वल. गर्दीच्या बाजूनं साठमारी असेल, पण त्याच्या बाजूनं ती झुंजच आहे. या एका वाक्यात तुमचा पहिला शब्द तसाच राहू द्या.