मीटिंगला आलेलं पिस्तूल

पाचपाखाडीचे पंत
आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. २८ बिऱ्हाडं, गळकी गच्ची. बिल्डरकडून कुणी आलं की आम्ही चहाबरोबर बिस्किटं ठेवतो, यावरून आमची गरज ओळखा. मागच्या रविवारी बिल्डरचा माणूस आला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला आणि बसताना टोचतं म्हणून कमरेचं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. फरसाणाच्या बशीला लागून. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कार्पेट एरियाबद्दल विचारायला उठल्या होत्या, त्या खाली बसल्या. त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. वीस मिनिटांत मीटिंग आटोपली. आमच्या सोसायटीच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

पण धागा काढायचं कारण वेगळंच. जिना उतरताना आठवीतला नातू म्हणतो, "आजोबा, खरं होतं का हो? एक फोटो काढायला हवा होता." माझे पाय लटपटत होते आणि हा हळहळत होता!

याला जबाबदार कोण? मी थेट टीव्हीवाल्यांचं आणि मोबाईलचं नाव घेतो. कुठे गोळीबार झाला की तीच सीसीटीव्हीची फीत दिवसभर, लाल गोल काढून, मागे ढोल बडवत. त्याखाली रील्स. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापायचा, कमरेला कट्टा खोचून गाण्यावर चालायचं. मग पोलीस उचलतात, आणि त्या अटकेचीही बातमी होते. पोराला पाहिजे होतं ते मिळालंच की. माझं मत स्पष्ट आहे, ही दृश्यं दाखवण्यावर बंदी हवी. बोला.

माजी उपसंपादक
पंत, टेबलावर पिस्तूल ठेवलं बिल्डरच्या माणसानं आणि तुम्ही झोडपताय आम्हाला. वा!

२ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. आरोपी सत्ताधारी पक्षाचा आमदार, जखमी झालेला मित्रपक्षाचा शहरप्रमुख. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. ती फीत लोकांनी पाहिली नसती तर दुसऱ्या दिवशी किती वेगवेगळ्या कहाण्या ऐकायला मिळाल्या असत्या, कल्पना करा. दाखवू नका म्हणणं सोपं आहे. न दाखवल्याचा फायदा नेहमी कुणाला होतो, तेही बघा.

आमच्या धंद्याची चूक मात्र कबूल करतो. २६/११ ला कमांडो कुठे उतरतायत ते आम्ही थेट दाखवत होतो. कसाबच्या निकालात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावरून वाहिन्यांना चांगलंच सुनावलं. पुढे २०१५ मध्ये अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईचं थेट प्रक्षेपण नियमानं बंद झालं. नेमकी चूक धरली की नेमका नियम करता येतो. 'ही दृश्यं बंद करा' यात नेमकं काय बंद करायचं?

हवालदार (निवृत्त)
सगळ्यांना रामराम. सतरा वर्षं फौजेत काढली, आता ठाण्यात बँकेच्या दारावर बारा बोअर घेऊन उभा असतो. बंदुकीला उगाच शिव्या पडताना बघितलं म्हणून लिहितो.

पंत, त्या माणसाला हत्यार बाळगायची अक्कल नाही, हा मूळ मुद्दा. २०१६ चे शस्त्र नियम आहेत, त्यात लिहिलंय की सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात. दाखवत फिरलात तर परवाना जाऊ शकतो. २०१९ ला कायदा आणखी कडक केला. आधी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढले आणि त्यानं कुणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षं कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं अजून अंगात आहे. हत्यार हातात आलं की ते भरलेलंच आहे असं समजायचं. नळी माणसाकडे नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. घरी आल्यावर हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. माझ्या मंडळीला आजपर्यंत किल्ली कुठं असते ठाऊक नाही, आणि ती तिजोरीची किल्ली कधीच विसरत नाही हे इथं सांगायला हरकत नाही. गुन्हे होतात ते बिनपरवान्याच्या गावठी कट्ट्यांनी. परवानेवाल्याला कशाला धरता?

वाशीची डॉक्टरीण
हवालदारकाका, तुमच्या शिस्तीबद्दल आदर आहे, पण शेवटच्या दोन वाक्यांवर अडले. उल्हासनगरनंतर सहाच दिवसांनी दहिसरला काय झालं? माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाईव्ह चालू असताना गोळ्या घातल्या आणि मारणाऱ्यानं नंतर स्वतःलाही संपवलं. पिस्तूल त्याचं नव्हतं. त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवान्याचं. ते ऑफिसातल्या लॉकरमध्ये ठेवलेलं असायचं असं तेव्हा छापून आलं होतं. म्हणजे कुलूप होतं, परवाना होता, प्रशिक्षित माणूसही होता.

आणि अपघात? १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून पायाला गोळी लागली. पहाटे, राहत्या घरी, आसपास कुणी चोर नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती एका वाईट रात्रीची. माणूस खचलेला असतो, ती वेळ निघून गेली तर पुष्कळदा सावरतो. घरात बंदूक असेल तर ती वेळ निघून जायला वाव राहत नाही. चोर येईल म्हणून आणलेलं हत्यार घरच्याच माणसावर चालतं. म्हणून माझं मत, राहत्या घरात बंदूक नकोच.

तलवारबाज_ठाणे
सगळे घाबरट जमलेत. प्रत्येकाच्या घरात एक घोडा, म्हणजे पिस्तूल, असता तर बिल्डरच्या माणसाची टेबलावर ठेवायची हिंमत झाली असती का? अमेरिकेत बघा.

माजी उपसंपादक
बघितलं. तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, २०१७ चा अंदाज शंभर माणसांमागे १२० चा होता. तरी शाळांमध्ये पोरांना गोळीबार झाला तर कुठे लपायचं याची कवायत करावी लागते. आणि तुमच्या योजनेप्रमाणे पंतांच्या गच्चीत २९ पिस्तुलं झाली असती. फरसाण ठेवायला जागा उरली नसती.

कळव्याची आई
माझी मुलगी एअर रायफल चालवते. दहा मीटर. पॅरिस ऑलिम्पिकला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं कांस्य जिंकलं त्या आठवड्यात क्लबात एकदम गर्दी झाली होती. पहिला महिना सरांनी नुसतं उभं राहायला आणि श्वास धरायला शिकवलं. अर्धी गर्दी तिथेच गळाली. ज्यांना रील काढायचं होतं ती सगळी गेली.

पण लिफ्टमध्ये तिची लांब बॅग बघून लोक कसे बघतात माहीत आहे? एकांनी तर वॉचमनकडे चौकशी केली. डॉक्टरताई, तुमचं 'घरात नकोच' आम्हालाही लागू का? सराव रोज लागतो, रेंज रोज परवडत नाही. ती भिंतीवर कागद लावून, रिकाम्या रायफलनं, नुसता नेम धरायचा सराव करते. बंदूक म्हणजे मिरवायची वस्तू नाही, हे माझ्या मुलीला बंदूक हातात आल्यावर कळलं. पंतांच्या नातवाला एकदा रेंजवर आणा.

वाशीची डॉक्टरीण
छर्रेवाली एअर रायफल आणि भरलेलं पिस्तूल मी एका मापानं मोजत नाही. तुमच्या लेकीनं खुशाल सराव करावा. मी वाक्य घाईत लिहिलं.

हवालदार (निवृत्त)
मॅडम, दहिसरचं तुम्ही बरोबर काढलंत. दोन दिवस विचार केला. मी पण दुसऱ्याच्या पैशाची राखण करतो, म्हणून ते जास्त लागलं. परवाना माझ्या नावावर आणि हत्यार मालकाच्या लॉकरमध्ये, असं बरेच ठिकाणी चालतं. मालक म्हणतो, रात्री इथंच ठेव, आणि पगार तोच देतो. त्याच्याकडेही लॉकरची किल्ली असली तर हत्यार कुणाचं झालं? परवानेवाल्याला कशाला धरता असं मी विचारलं होतं. ते मागं घेतो. पहिला त्यालाच धरा.

पाचपाखाडीचे पंत
उपसंपादकसाहेब, बंदीचा आग्रह सोडतो, तक्रार सोडत नाही. न्यूझीलंडला २०१९ मध्ये क्राईस्टचर्चला मशिदींमध्ये ५१ माणसं मारली गेली, तीही लाईव्ह दाखवत. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की मी त्या माणसाचं नाव कधीही उच्चारणार नाही. आपल्याकडे मारेकऱ्याची टोपणनावं, त्याची गाडी, जेवणातली आवड, सगळं तोंडपाठ करून घेतात. फीत एकदा दाखवा, दोनदा दाखवा. ढोल कशाला? एवढं तरी नेमकं आहे ना?

माजी उपसंपादक
आहे. ढोलाचं समर्थन मी नोकरीत असतानाही केलं नाही.

हवालदार (निवृत्त)
पंत, पण तुमच्या टेबलाचं काय? ठाण्यात परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, तिथं लेखी द्या. 'धमकावलं' असं लिहू नका, तो म्हणेल मी बोललोच नाही. जे दिसलं तेवढंच लिहा. तारीख, वेळ, किती मिनिटं टेबलावर होतं, कोण कोण बसलं होतं.

पाचपाखाडीचे पंत
लिहिलंय. सेक्रेटरी म्हणाले, पत्र गेलं तर बिल्डरकडून मिळायचं भाडं आणि कॉर्पसची एकरकमी रक्कम, दोन्ही लटकतील. २८ पैकी सात सह्या झाल्यात. पहिली तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची. कार्पेट एरियाचा प्रश्नही त्यांनी त्याच पत्रात घालायला लावलाय, वेगळा कागद नको म्हणे.

वाशीची डॉक्टरीण
कार्पेट एरियाचं वेगळंच पत्र करा, पंत. आयुक्तालयात ते कोण वाचणार? आणि मसुदा इथे टाका, आमच्याही बिल्डिंगला बिल्डर येऊन गेलाय.