मदत हवी आहे: गुरूचे तीन चंद्र दर शनिवारी जिथल्या तिथेच का दिसतात?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते. १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती झाली, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोर आला, तेव्हापासून अपार्टमेंटमधल्या मुलांना गच्चीवरून गुरू दाखवतेय. हाताशी १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण आहे. गुरू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या जोडीजवळ इतका ठळक आहे, की गड्ड्याच्या यात्रेत आभाळ उजळलं होतं तेव्हाही शोधावा लागला नाही.

मुलांच्या शाळेमुळे फक्त शनिवारी बघतो, रात्री साडेनऊला. वहीत मधे एक गोल, दोन्ही बाजूंना ठिपके, वर तारीख. अडचण या वहीतूनच निघाली. तीन ठिपके दर शनिवारी जवळपास त्याच जागी असतात. चौथा मात्र एकदा उजवीकडे लांब, तर पुढच्या वेळी डावीकडे. सातवीतली एक मुलगी ठामपणे म्हणाली, "काकू, हे तीन चंद्र नाहीतच, मागचे तारे आहेत. चंद्र असते तर फिरले असते की."

तिला नीट उत्तर द्यायचंय, नुसतं "पुस्तकात तसं आहे" म्हणून गप्प करायचं नाही. त्यातला आयो नावाचा चंद्र ४२ तासांत गुरूभोवती फेरी मारतो, मग सात दिवसांनी तो त्याच जागी कसा?

आणखी एक. गुरू आता त्या वेळी जवळजवळ डोक्यावर येतो. स्टँड तेवढा वर वळत नाही. हातात धरली की ठिपके नाचतात, आणि पोरांच्या माना अवघडतात. काय करावं?

प्रतिसाद

ताई, त्या मुलीला शाबासकी द्या. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओलाही ते आधी मागचे तारेच वाटले होते.

ते तीन ठिपके म्हणजे आयो, युरोपा आणि गॅनिमीड. युरोपाची फेरी साडेतीन दिवसांची, गॅनिमीडची सात दिवस आणि चार तासांची. म्हणजे आठवड्याभरात आयोच्या जवळपास चार फेऱ्या होतात, युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. तिघंही फिरून शनिवारी पुन्हा तिथेच! एकमेकांच्या ओढीमुळे त्यांचं हे गणित जुळलेलं राहतं. चौथा चंद्र कॅलिस्टो त्यात नाही. त्याला पावणेसतरा दिवस लागतात, म्हणून तुमच्या वहीत बाजू बदलणारा तोच.

तारे नाहीत याचा पुरावाही आहे. गुरू सध्या वक्री आहे, म्हणजे ताऱ्यांमधून उलट्या दिशेने सरकताना दिसतो. प्रतियुतीच्या सुमारास तो ताऱ्यांमधून आठवड्याला जवळपास एक अंश सरकतो, म्हणजे आपल्या चंद्राच्या दोन बिंबांएवढा. मागचे तारे असते तर पुढच्या शनिवारी ते केव्हाच मागे पडले असते.

एकदा शनिवारी आणि लगेच रविवारी बघा. आयो एका दिवसात अर्ध्याहून जास्त फेरी मारतो, बहुतेक वेळा तो बाजू बदललेलाच दिसेल. पण गुरूच्या फार जवळ असला, तर उजेडात हरवतो.

स्टँड सोडून द्या. चटईवर उताणं झोपायचं, दोन्ही कोपरांखाली उश्या घ्यायच्या, आणि सगळ्यांनी पाय दक्षिणेकडेच करायचे. मग पूर्व प्रत्येकाच्या डावीकडे येते आणि वहीतल्या बाजूंचा घोळ होत नाही.