एसएसडीची ३ वर्षं वॉरंटी म्हणजे नक्की काय? हेल्थ ७१ टक्के दाखवायलंय

स्टुडिओवाला_राजारामपुरी:
मंडळी जरा मदत पाहिजे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं काम आहे आमचं, अडीच वर्षांमागं पीसीला ४८० जीबीची साटा एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकली, ३ वर्षं वॉरंटी सांगितलेली. काल डिस्क तपासायचं क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर हेल्थ ७१ टक्के आणि टोटल होस्ट राइट्स, म्हणजे आजवर लिहिलेला डेटा, ३५ टीबी. दुकानात विचारलं तर म्हणतोय वॉरंटी डिस्कवर किती डेटा लिहिला त्यावर असते, १२० टीबी झाले की संपली. मग बिलावर ३ वर्षं कशाला लिहिता राव? आणि ७१ म्हणजे आता कधी पण जाणार काय? मेच्या लग्नांचं सगळं फुटेज त्यातच हाय.

रंकाळ्याचा_वारा:
दुकानदार अर्धं खरं बोलला. वर्षं आणि टीबीडब्ल्यू, यातलं जे आधी संपेल तिथं वॉरंटी संपते. टीबीडब्ल्यू म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंत कंपनी जबाबदार, तो आकडा मॉडेलप्रमाणं बदलतो, सॅमसंग ८७० इव्होला ५०० जीबीत ३०० आहे, क्रुशियल एमएक्स५०० ला १८०, दोन्हीला ५ वर्षं. तुमचे अडीच वर्षांत ३५ म्हणजे वर्षाला १४, उरलेले ८५ संपायला अजून ६ वर्षं लागतील, म्हणजे तुमची ३ वर्षंच आधी संपणार. आणि १२० हा काय मरायचा मुहूर्त नाही, त्याच्यापुढं पण चालते.

नको_त्या_भानगडी:
बरोबर, पण टक्क्यावर लई विसंबू नका भावा. माझी ९६ वर असताना गेली, रात्री चालू होती, सकाळी पीसी चालू होतानाच्या बायोसमध्येच दिसेना. टक्क्यात फ्लॅश, म्हणजे डेटा ठेवायची चिप, किती झिजली ते कळतं, सगळं चालवणारी कंट्रोलर चिप गेली तर टक्का काय सांगणार. हार्डडिस्क जाताना टकटक तरी करायची, ही मुकाट जाते. वॉरंटीत बदलून मिळाली पण रिकामी, डेटा वॉरंटीत येतच नाही. पोरीच्या बारशाचे फोटो गेले, बायको अजून ऐकवते.

स्टुडिओवाला_राजारामपुरी:
मग नवीन घेऊन ही भरून कपाटात ठेवली तर चालंल काय, बॅकअप म्हणून?

रंकाळ्याचा_वारा:
नको. एसएसडीत डेटा म्हणजे चिपच्या बारक्या सेलमध्ये अडकवलेला चार्ज, वीज नसली की हळूहळू गळतो. जेडेक, म्हणजे चिपांचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या स्टँडर्डप्रमाणं घरगुती एसएसडीनं ठरलेलं सगळं लिहून झाल्यावर बिनविजेचा ३० डिग्रीत १ वर्ष डेटा धरायला पाहिजे. तुमची तेवढी झिजलेली नाही, जास्त धरेल, पण उकाड्यात हा काळ कमी होतो आणि आपल्याकडं एप्रिल-मेत कपाटात काय असतंय ते माहीत आहेच. जुन्या फुटेजला साधी हार्डडिस्क घ्या, जमलं तर दोन. यूपीएस हाय का? वळवाला लाईट जाते, लिहिता लिहिता बंद पडली तर स्वस्तातल्या ड्राइव्हचा कुठं काय ठेवलंय तो हिशोबच बिघडू शकतो.

नको_त्या_भानगडी:
आणि बिलाची झेरॉक्स आजच काढा. बिल नसलं की बऱ्याच कंपन्या माल बनवल्याच्या तारखेपासून मोजतात, तुमचे उरलेले सहा महिने तिथंच जातील.

स्टुडिओवाला_राजारामपुरी:
बिल सापडलं पण पांढरं फटक पडलंय, थर्मलचा कागद. दुकानदाराच्या कॉम्प्युटरात निघालं, परत छापून दिलं बिचाऱ्यानं, मग २ टीबीची हार्डडिस्क पण त्याच्याकडनंच घेतली. कॉपी लावलीय, एक तास दाखवून आता तीन तास दाखवायलंय.