स्कॅनरचे पैसे पीककर्जाच्या खात्यात अडकले, काय करावं?

औशाचा किराणा:
औसा तालुक्यात गावात किराणा आहे, वडलांपासूनचा. 2021 ला स्कॅनर लावला, तो माझ्या एकाच खात्याला जोडलाय. पीककर्जही त्याच बँकेत. सोयाबीन पाण्यात गेलं, कर्ज थकलं अन् मागच्या महिन्यात बँकेनं खात्याला होल्ड लावला. गिऱ्हाईक स्कॅन करतंय, डबा ‘बारा रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडायलाय, मला त्यातला रुपया काढता येईना. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून माल भरायला घरातली रोकड मोडायलो.

स्कॅनर काढावा म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं, मग लिहून ठेवा. पाचाच्या पुडीला पण पोरं फोन काढतात. स्कॅनर आल्यापासून ‘सुट्टे नाहीत, उद्या देतो’ बंद झालतं, उधारीची वही बारीक झालती. आता परत फुगायली. कुणी यातून गेलंय का?

आडतीवरचा मुनीम:
शेती अन् दुकान एका खात्यात ठेवलं तिथंच चुकलं. दुसऱ्या बँकेत दुकानाच्या नावानं करंट खातं काढा, नवा स्कॅनर त्यालाच. होल्ड कशापोटी ते जुन्या शाखेत लेखी विचारा, पोच घ्या. ‘वरून आलंय’ हे तोंडी उत्तर ऐकून माघारी येऊ नका.

आणि हो, यूपीआयवर टॅक्स लागतो म्हणणारे भेटतील. बँक खात्यातून आलेल्या पैशावर दुकानदाराला जानेवारी 2020 पासून कमिशन नाही. भाडं असतं ते डब्याचं. जीएसटी नोंदणीची 40 लाखांची मर्यादा वर्षाच्या सगळ्या विक्रीवर आहे, रोखीसकट. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा निघाल्या, तर तिथं लोकांनी ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या.

धारूरची:
आम्ही ऊसतोडीला कारखान्यावर असतो, लेकरं गावी सासूबाईंकडं. त्यांचा फोन बटनाचा. आधी गावाकडं जाणाऱ्याच्या हाती पैसे धाडायचो, पोचायला आठ-पंधरा दिवस. आता गावातल्या दुकानदाराच्या स्कॅनरवर टाकते, तो सासूबाईंना किराणा देतो, वर दवाखान्याला दोन-तीनशे रोख. तुमच्याकडंही असं कुणी टाकत असेल तर त्यांना आधी सांगा भाऊ.

औशाचा किराणा:
ताई, सहा घरं आहेत तशी. तेच पोटात कालवायलंय. परवा एकानं दोन हजार टाकले, त्याच्या आईला मी गल्ल्यातून दिले. ते दोन हजार पण होल्डमध्येच.

आडतीवरचा मुनीम:
केनियात 2007 पासून एम-पेसा या मोबाइलवरून पैसे धाडायच्या सेवेवाले हेच काम दुकानदाराकडून करून घेतात, पण तिथं तो एजंट, त्याला कमिशन. तुम्ही फुकट बँक चालवायलात. ओळखीच्याच घराला रोख द्या. अनोळख्यानं फसवणुकीचा पैसा टाकून रोख नेली, तर सायबरवाले तुमचंच खातं गोठवतात. ज्याचा पैसा गेला त्यानं 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला की साखळी तुमच्यापर्यंत येते.

औशाचा किराणा:
सोमवारी नवं खातं काढायला जातो. तोवर बायकोच्या खात्याचा स्कॅनर कागदावर काढून बरणीला चिकटवलाय. त्याला डबा नाही, दर गिऱ्हाइकाला तिला हाक मारून विचारावं लागायलंय, आले का गं?