मदत हवी आहे: एन्जिनएक्समागे दुसरा सर्व्हर जोडला की लॉगिन टिकत नाही

कोकीळ७
लोकहो, जरा घाईत आहे, जाणकारांनी मदत करा. आमचं वेब ॲप आतापर्यंत एकाच सर्व्हरवर व्यवस्थित चालू होतं, लोड वाढला म्हणून दुसरा सर्व्हर घेतला, पुढे एन्जिनएक्स (वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे रिक्वेस्ट घेऊन मागच्या सर्व्हरला देणारा म्हणून लावला आणि अपस्ट्रीममध्ये (मागच्या सर्व्हरच्या यादीत) दोन्ही सर्व्हर टाकले. साइट उघडते, पण लॉगिन केलं की पुढच्या क्लिकला परत लॉगिनचंच पान, मग रिफ्रेश केलं की कधी आत कधी बाहेर. एक सर्व्हर काढला की सगळं ठीक. कॉन्फिग बरोबर आहे, टेस्ट कमांडही ओके देते. उद्या क्लायंटला दाखवायचंय, काय बदलू ते सांगा.

डेबियनप्रेमी
कॉन्फिग बरोबर आहे हे तुम्ही म्हणताय, इथे टाका म्हणजे आम्हीही बघू. टेस्ट कमांड व्याकरण तपासते, तुमचं लॉगिन टिकतंय का नाही हे तिला कुठून कळणार. ॲप कशात लिहिलंय? सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) कुठे साठवता? ब्राउझरला कोड काय येतो, ५०२, ५०४ (मागचा सर्व्हर नीट किंवा वेळेत उत्तर देत नाही) की नुसता ३०२ (दुसऱ्या पानावर जा)? एरर लॉग काय म्हणतो?

सौदामिनी
अहो एवढं काय विचारताय, सरळ आहे. एन्जिनएक्स काही सांगितलं नाही तर राउंड रॉबिन करतो, एक रिक्वेस्ट इकडे एक तिकडे. अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये आयपी हॅशची (पत्त्यावरून ग्राहकाला ठरावीक सर्व्हर देणारी) ओळ टाका आणि रिलोड करा. आमच्याकडे ह्यावरच चालू आहे, कधी तक्रार नाही.

मधलीसुट्टी
एचटीटीपी ते एचटीटीपीएस रिडायरेक्टचा लूप होत असेल. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (मूळ रिक्वेस्ट एचटीटीपी की एचटीटीपीएस ते सांगणारा) पाठवा, होस्ट हेडर पण मूळचा पाठवा, नाहीतर एन्जिनएक्स होस्टमध्ये अपस्ट्रीमचं नाव घालतो.

कोकीळ७
लूप होत नाहीये. कोड ३०२ येतो, एरर लॉग कोरा आहे. आयपी हॅश लावून बघितलं, लॉगिन टिकलं! पण आता सगळा ट्रॅफिक पहिल्याच सर्व्हरवर जातोय, दुसरा रिकामा बसलाय, आणि मोबाइलवर वायफाय बंद करून डेटा चालू केला की परत लॉगआउट.

आडवाटा
आयपी हॅश आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच आकडे बघतो, म्हणजे १०.०.०.५ आणि १०.०.०.२०० त्याच्या दृष्टीने एकच. एका ऑफिसमधले सगळे एका पत्त्याआडून येत असतील तर सगळे एकाच सर्व्हरवर पडणार, आणि नेटवर्क बदललं की पत्ता बदलला, सर्व्हरही बदलू शकतो. एन्जिनएक्सच्या पुढे अजून काही आहे का?

कोकीळ७
हो, सीडीएन (साइट जवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) आहे. त्याचा काय संबंध?

आडवाटा
मग एन्जिनएक्सला सगळे सीडीएनच्या पत्त्यावरून आलेले दिसतात! रिअल आयपी मॉड्यूल लावून खरा पत्ता घेता येतो, पण विश्वासाचे पत्ते म्हणून फक्त सीडीएनचेच टाका, सगळ्यांना मोकळं सोडलंत तर कोणीही हेडरमध्ये हवा तो पत्ता लिहून पाठवेल. तरी सांगते, आयपी हॅशने दुखणं झाकलं जातंय, बरं होत नाहीये. त्यातला एक सर्व्हर पडला की त्यावरचे सगळे लॉगआउट होणारच.

जुनाजाणता
एचएप्रॉक्सी (लोड वाटणारं सॉफ्टवेअर) घ्या. २००१ पासून हेच एक काम करतोय आणि नीट करतोय. कुकी घालून ग्राहकाला सर्व्हरशी बांधायची सोय फुकटातच आहे, आयपीची भानगडच नाही. शिवाय तो स्वतःहून हेल्थ चेक करतो, चेक चालू केलात की दर २ सेकंदांनी विचारतो, ३ वेळा उत्तर आलं नाही की सर्व्हर बाजूला काढतो.

डेबियनप्रेमी
दोन सर्व्हरसाठी अजून एक सॉफ्टवेअर कशाला शिकायचं? एन्जिनएक्सही पडलेला सर्व्हर सोडतोच, एकदा फेल झाला की १० सेकंद तिकडे जात नाही.

जुनाजाणता
पण ते कळायला आधी कोणाची तरी खरी रिक्वेस्ट अडकावी लागते ना. आणि पोस्ट रिक्वेस्ट (फॉर्म, ऑर्डर वगैरे पाठवणारी) एकदा सर्व्हरकडे गेली आणि मध्येच सर्व्हर मेला तर एन्जिनएक्स ती आपणहून दुसरीकडे पाठवत नाही (बरोबरच आहे, नाहीतर ऑर्डर दोनदा पडेल), पण ग्राहकाला एरर दिसलीच. मी प्रोडवर (चालू साइटवर) हे भोगलंय म्हणून कळकळीने सांगतोय.

सौदामिनी
सेशन रेडिसमध्ये (मेमरीत चालणारा डेटाबेस) टाका, दोन्ही सर्व्हर तिथूनच वाचतील, मग आयपी हॅशही नको नि कुकीही नको.

आडवाटा
अहो पण सेशन आत्ता आहेत कुठे हे अजून त्यांनी सांगितलंच नाही. कोकीळ, ॲप कशात आहे?

कोकीळ७
फ्लास्क (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क), गनिकॉर्नवर (ते चालवणारा सर्व्हर). सेशनसाठी वेगळं काही लावलेलं नाही, फ्लास्कचंच आहे. दोन्हीकडे कोड एकच आहे, गिटमधून.

आडवाटा
मग रेडिसचा प्रश्नच नाही. फ्लास्क सेशन सर्व्हरवर ठेवतच नाही, सगळं सही करून ब्राउझरच्या कुकीत देतो (सही असते, कुलूप नसतं, म्हणून त्यात गुप्त काही ठेवू नका). कुठल्याही सर्व्हरला ती कुकी वाचता यायला हवी, फक्त सहीची किल्ली दोन्हीकडे एक पाहिजे. कोडमध्ये सीक्रेट की कशी भरलीये ती ओळ बघून सांगा.

कोकीळ७
ॲप डॉट सीक्रेट की बरोबर ओएस डॉट युरँडम २४. पहिल्यापासून तशीच आहे आणि चालत होती.

आडवाटा
सापडलं! ह्या ओळीचा अर्थ ॲप सुरू होताना दरवेळी नवी किल्ली. दोन सर्व्हर, दोन किल्ल्या, एकाची सही दुसरा मानत नाही, कुकी फेकून देतो आणि लॉगिनला पाठवतो. एका सर्व्हरवर चालत होतं कारण गनिकॉर्न काही सांगितलं नाही तर एकच वर्कर (प्रोसेस) चालवतो, तिथेच चार वर्कर केले असते तरी हाच त्रास झाला असता, आणि रीस्टार्टनंतर सगळे लॉगआउट होतच असणार. एकदाच लांब रँडम किल्ली तयार करा, दोन्ही सर्व्हरवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तीच ठेवा, गिटमध्ये घालू नका. बदलल्यावर आत्ताचे सगळे एकदा बाहेर पडतील. आणि खात्री एन्जिनएक्स टाळून करा: एका सर्व्हरवर थेट लॉगिन करून मिळालेली कुकी कर्लने (कमांडने रिक्वेस्ट पाठवणारं साधन) दुसऱ्याच्या पोर्टवर पाठवा, २०० (सगळं ठीक) आला तर जिंकलात.

डेबियनप्रेमी
ॲक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये अपस्ट्रीम ॲड्रेस पण घाला, कुठली रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हरने हाताळली ते ओळीओळीला दिसतं.

क्लस्टरमित्र
कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी प्रणाली) वर न्या, इन्ग्रेस (तिथलं प्रवेशद्वार) सगळं बघतो.

डेबियनप्रेमी
तिथेही दोन पॉडच्या (ॲपच्या दोन प्रतींच्या) दोन किल्ल्याच झाल्या असत्या. वरचं वाचा.

कोकीळ७
झालं! कर्लला २०० आला, मग आयपी हॅश काढून टाकला, लॉगमध्ये दोन्ही पत्ते आलटून पालटून दिसतायत आणि लॉगिन टिकतंय, मोबाइलवरही. आडवाटा, मनापासून आभार. आता एकच, प्रोफाइलचा फोटो अपलोड केला की कधी दिसतो कधी ४०४ (सापडत नाही). आणि मोठा फोटो टाकला की ४१३ (फार मोठं).

आडवाटा
४१३ एन्जिनएक्सचा आहे, मर्यादा काही न सांगता १ एमबी असते, क्लायंट मॅक्स बॉडी साइज वाढवा. ४०४ मात्र आधीच्याच जातीचा: फोटो ज्या सर्व्हरवर पडला त्याच्याच डिस्कवर राहिला, दुसऱ्याकडे नाही. एनएफएस किंवा ऑब्जेक्ट स्टोरेज, काहीतरी सामायिक हवं. उद्यापुरतं अपलोडचा पत्ता आणि फोटो दाखवायचा पत्ता, दोन्ही लोकेशन एकाच सर्व्हरकडे वळवा. आधीचे फोटो एकत्र करायला विसरू नका. क्रॉन (ठरावीक वेळी कामं चालवणारा) दोन्हीकडे चालतोय का तेही बघा, मेल दोनदा जात असतील.

कोकीळ७
क्रॉन दोन्हीकडे आहे. एकीकडचा बंद करतो, मग फोटोंकडे वळतो.

मधलीसुट्टी
इथेच विचारतो, माझं वेबसॉकेट (ब्राउझर-सर्व्हरमधलं सतत चालू कनेक्शन) एन्जिनएक्समागे बरोबर एका मिनिटाने तुटतं, कोणाला माहितीये का?

जुनाजाणता
रीड टाइमआउट ६० सेकंदांचा असतो, तेवढा वेळ शांतता असली की तो तोडतो. तो वाढवा किंवा मधे पिंग पाठवत राहा. बाकीचं नवीन धाग्यात विचारा.