जुन्या काळ्या शेलमधला पारा: ज्वालामुखीचा की सेंद्रिय द्रव्याचा?

शेलशोधक: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माउंट मॅक्रे शेलवर (चिखलाचा बनलेला पापुद्री खडक, सुमारे २५० कोटी वर्षं जुना) २०२१ साली आलेलं काम वाचतोय. ऑक्सिजनची चाहूल देणाऱ्या मॉलिब्डेनम या धातूच्या थराखाली पारा वाढलेला दिसतो, आणि ज्वालामुखीतून पारा सुटतो, म्हणून आधी जमिनीवर ज्वालामुखी फुटले असं म्हटलंय. पण पारा सेंद्रिय द्रव्याला चिकटतोच, मग काळ्या शेलमध्ये तो जास्त असणारच ना? आणि आपल्या घाटातल्या लाल बोलवर (लाव्ह्याच्या दोन थरांमधला लाल मातकट पट्टा) असं काम जमेल का?

पारददर्शी: शंका रास्त आहे, म्हणूनच नुसत्या पीपीबीवर (अब्जात किती भाग पारा) कोणी जात नाही. पाऱ्याला टीओसीने, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बनने, भागायचं. गाळाच्या खडकांत हा रेशो सरासरी ७०च्या आसपास असतो (पीपीबी प्रति टक्का). त्याच कोअरमधल्या (ड्रिलने काढलेल्या दगडाच्या दांड्यातल्या) बाकीच्या थरांपेक्षा तो ठळक चढला तरच बोलायचं. टीओसी ०.२ टक्क्याच्या खाली असेल तर सॅम्पल बाजूला ठेवा. छेद इतका लहान झाला की मोजणीतली चूकच आलेखातलं शिखर होऊन बसते. पारा टीओसीऐवजी गंधकाबरोबर हलत असेल तर तो पायराइटमध्ये (लोह-गंधकाच्या खनिजात) बसलाय, तेव्हा गंधकाने भागून बघा.

उघड्यावरचा, हवापाणी लागलेला दगड नकोच. त्यातला कार्बन आधी जातो आणि रेशो फुकटचा फुगतो.

सॅम्पल ४० अंशांच्या आत वाळवा, १०५ वर पारा उडायची भीती. उघड्या भांड्यात आम्लात उकळण्यापेक्षा १०० मिलिग्रॅमच्या आसपास पूड सरळ मर्क्युरी अ‍ॅनालायझरमध्ये घाला. पूड जळते, पाऱ्याची वाफ सोन्यावर अडकते, सोनं तापवलं की सुटते आणि २५३.७ नॅनोमीटरवर मोजली जाते. जास्त पारा असलेल्या सॅम्पलनंतर सॅम्पल ठेवायची छोटी तबकडी (बोट) रिकामीच चालवा, नाहीतर उरलेला पारा पुढच्याच्या खात्यात जमा.

गाभा_२५०: मॉलिब्डेनमचं दुखणं निराळं. पोलादी मिलमध्ये दळलंत तर पोलादातलं मॉलिब्डेनम, निकेल, क्रोमियम पुडीत उतरू शकतं. टंगस्टन कार्बाइडमधून कोबाल्ट येतो. अ‍ॅगेटची (अकीक दगडाची) मिलच वापरा. ड्रिलिंगच्या काही ग्रीसमध्येही मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, तेव्हा कोअरची बाहेरची साल कापून टाका.

मॅक्रेमध्ये मॉलिब्डेनम ४० पीपीएमपर्यंत (दशलक्षात ४० भाग) जातं; भूकवचाच्या वरच्या थराची सरासरी १.१ आहे. तरी ‘ऑक्सिजन’ म्हणायची घाई नको. २०२२च्या फेरतपासणीत त्याच थरांत ज्वालामुखी काचेचे कण दिसले, आणि धातू नंतरच्या गरम द्रवांनी हलवले असावेत असा आक्षेप आला. रसायनाआधी पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघाच.

पारददर्शी: लाल बोलचं राहिलं. ज्वालामुखीतून पारा वायुरूपात सुटतो, महिनोन्‌महिने हवेत राहून जगभर पसरतो. लाव्ह्यात फारसा उरत नाही. बोलमध्ये त्याला धरून ठेवणारं सेंद्रिय द्रव्यही नसल्यात जमा. म्हणून दख्खनच्या ज्वालामुखींचा पारा मेघालयात उम सोह्रिंगक्यू नदीच्या काठी किंवा फ्रान्सच्या बिदारला, सागरी गाळात शोधतात. बोलमध्ये शोधायचेच तर झिरकॉन या खनिजाचे कण शोधा. दूरच्या राखेतून आलेले हे कण युरेनियम-शिशाने मोजून लाव्हाथरांची वयं काढली गेली आहेत.