'झुडपी जंगल' : अर्थ काय आणि कुठे वापरायचा?

वर्धारोड

आमच्या शाळेतली आठवीची मुलं 'आपल्या परिसरातील परिसंस्था' हा प्रकल्प करताहेत. नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला एका मुलाच्या शेताला लागून सरकारी जमीन आहे. कागदावर तिची नोंद 'झुडपी जंगल'. मुलाचे बाबा तिला 'पडीत' म्हणतात आणि मुलांनी तक्त्यावर लिहिलं 'नष्ट झालेलं जंगल'. यातलं बरोबर काय? शिवाय 'परिसंस्था' आणि 'जैवविविधता' हे शब्द मुलं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. त्यांना फरक कसा सांगावा?

दप्तरी

ताई, 'झुडपी जंगल' हा शब्द कोशातला कमी, महसुली दप्तरातला जास्त. जुन्या मध्यप्रांताच्या नोंदींत झुडपं-गवत असलेल्या, कुणाच्या ताब्यात नसलेल्या जमिनीला हे नाव होतं. 1956 साली राज्य पुनर्रचनेत आपले जिल्हे मुंबई राज्यात आले आणि त्यांच्यासोबत ही नोंदही आली. म्हणून पुण्या-नाशिककडच्या माणसाला हा शब्द माहीत नसतो. आज नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सुमारे 86 हजार हेक्टर जमीन या नावाखाली आहे. गावाचा निस्तार तिच्यावर चालायचा : ढोरं चारणं, सरपण, कुंपणाला काट्या. वऱ्हाडात अशा चराईच्या जमिनीला ई-क्लास म्हणतात.

'पडीत' वेगळं. कसणूक थांबलेली जमीन ती पडीत. 'पोटखराब' तर आणखी वेगळं, तो सर्व्हे नंबरातलाच लागवडीला न चालणारा तुकडा.

आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही. 12 डिसेंबर 1996 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'वन' हा शब्द त्याच्या कोशातल्या अर्थाने घ्यायचा, आणि सरकारी नोंदीत जे वन म्हणून आहे तेही वनच, मालकी कुणाचीही असो. त्याच आधारावर 22 मे 2025 रोजी न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निकाल दिला. सातबाऱ्यावरच्या दोन शब्दांवर एवढं अवलंबून होतं.

बोरबन

माझा आक्षेप 'नष्ट झालेलं जंगल' यावर आहे. तिथे पूर्वी सागाचं दाट रान होतं आणि ते कापून हे उरलं, असं मुलांनी गृहीत धरलंय. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण उथळ मुरमाड जमिनीवर, उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या हवेत, गवत आणि विरळ काटेरी झुडपं हीच त्या जागेची पूर्ण वाढ असू शकते. बोर, हिवर, भराटी, मधूनच पळस, खाली कुसळी, पवन्या, मारवेल. त्यात काहीही अपुरं नाही.

परिसंस्था म्हणजे काय हे मुलांना तिथेच दाखवा, पहिला पाऊस पडून गेल्यावर. गुरं आखरावरून (गावाबाहेरच्या, गुरं जमतात त्या जागेवरून) रानात गेली की गायकीच्या, म्हणजे गुराख्याच्या, मागोमाग चाला आणि शेणाच्या ताज्या पोवापाशी थांबा. थोड्या वेळात शेणकिडे येतात. काही गोळी करून मागच्या पायांनी ढकलत नेतात, काही पोवाच्या खालीच बीळ करून शेण आत ओढतात. गोळीत अंडं असतं. पण किड्याने स्वतःच्या पिलासाठी केलेल्या या कामातून खत मुळांपाशी पोचतं, भोकांतून पाणी जमिनीत उतरतं, माश्यांना अंडी घालायला शेण उरत नाही. शेणातले किडे टिपायला कोतवाल आणि गायबगळे हजर असतातच.

हिवाळ्यात कोल्ह्याची विष्ठा बघा, तिच्यात बोराच्या आठोळ्या सापडतील. 'कोल्हा काकडीला राजी' म्हणतात, पण बोरंही तो आवडीने खातो आणि आठोळ्या दूरवर नेऊन टाकतो. नवी बोर तिथे उगवते.

ही जी देवघेव आहे, माती, पाणी, ऊन, हवा आणि सगळे जीव यांच्यातली, ती परिसंस्था. मूळ इंग्रजी शब्द 1935 साली आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वापरात आणला. या देवघेवीत भाग घेणारे किती प्रकारचे, ते जैवविविधतेत येतं, आणि त्यात तीन पातळ्या धरतात : एकाच जातीतला आनुवंशिक फरक, जातींची संख्या आणि परिसंस्थांचे प्रकार. म्हणून 'झुडपी जंगलाची जैवविविधता' बरोबर आणि 'झुडपी जंगल ही परिसंस्था'ही बरोबर. 'ही जैवविविधता खूप सुंदर जागा आहे' हे चूक.

'अन्नसाखळी'पेक्षा 'अन्नजाळे' लिहून घ्या. एका पायरीवरून दुसरीवर ढोबळमानाने दहावा हिस्साच ऊर्जा पोचते, त्यामुळे नाकतोडे ढिगाने असतील तेव्हा कुठे ते खाणारा एखादा भोवत्या हा शिकारी पक्षी जगतो. तो हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतो आणि उतरतो तो अशाच उघड्या रानावर.

वर्धारोड

फार उपयोगी. आता अडचण सांगते. प्रकल्पाच्या शेवटी मुलांनी 'उपाय' लिहिलाय : तिथे पाचशे झाडं लावायची.

बोरबन

ताई, हे मात्र थांबवा. सावली झाली की गवत मरतं. गवत गेलं की तितर, लावा, चंडोल यांची घरटी जातात, ती जमिनीवरच असतात. सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावण्याची आपल्याकडे सवय आहे, दोन्ही मूळची मध्य अमेरिकेकडची. घाणेरी तर न लावताच पसरते. शिवाय गवताळ रानाचा कार्बन बराचसा मातीत आणि मुळांत असतो, खड्डे खणून तो मोकळा होतो. झाडं शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडेला लावा, तिथे ती हवीच आहेत.

धोके खरे दुसरेच आहेत. पहिला लेआउट. एकदा प्लॉट पडले, मुरूम पसरला, की तुकड्यातुकड्यांत राहिलेल्या रानात कोल्हा टिकत नाही. दुसरा गुरांच्या जंताच्या औषधांचा. आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. गिधाडांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं : डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेलं ढोर मेल्यावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. 2006 साली जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती.

वैद्यबुवा

'जंगल' शब्दाबद्दल एक भर. संस्कृत 'जांगल' म्हणजे दाट अरण्य नव्हे. आयुर्वेदात देशाचे तीन प्रकार आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. पाणथळ तो आनूप. कोरडा, मोकळा, वारा खेळणारा, विरळ काटेरी झाडांचा आणि हरणांचा तो जांगल. म्हणजे हिंगण्याच्या त्या तुकड्याला 'जंगल' हे नाव सागाच्या रानापेक्षा जास्त शोभतं.

दप्तरी

सुंदर! ताई, तक्त्यावर असं लिहा : 'झुडपी जंगल : गवत व विरळ काटेरी झुडपांची नैसर्गिक परिसंस्था; पूर्व विदर्भातील महसुली संज्ञा.' आणि मुलांना ग्रामपंचायतीत पाठवा. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिथे व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, आणि राज्याचं जैवविविधता मंडळ तर आपल्या नागपुरातच आहे. त्या नोंदवहीत हा तुकडा आहे का बघा. नसेल तर मुलांनी पाहिलेले शेणकिडे, भोवत्या आणि रोही गावातल्या नावांनीच लिहून द्या. रोहीऐवजी नीलगाय लिहिलं तर गावात कुणी ओळखणार नाही.

वर्धारोड

सोमवारी मुलांना घेऊन जाते. गायकी काकांनाही सोबत बोलावते, गवतांची नावं त्यांनाच सांगता येतील.